शेगडी आणि शेकोटी एक नव्हे



थंडी पडू लागली की आपल्या बोलण्यात दोन शब्द हमखास येतात. एक शेकोटी आणि दुसरा शेगडी. दोन्हींत विस्तव आहे, दोन्हींभोवती माणसे हात शेकत बसतात, म्हणून बोलताना एकाच्या जागी दुसरा शब्द सहज येऊन जातो. ऐकणाऱ्यालाही त्यात काही खटकत नाही.

शब्दांचा कीस काढणे हे मास्तरांचे काम, शेतकी खात्याच्या माणसाने बियाणे, खत, औषध याबद्दल बोलावे, असे कोणी म्हणेल. एरवी मीही तेच म्हटले असते. पण गावोगाव फिरताना एक गोष्ट सारखी दिसते. शेकोटी कुठे पेटवायची हे लहान पोरालाही कळते. शेगडी कुठे ठेवायची याबद्दल मात्र शहाणीसुरती माणसेही फसतात, आणि ती फसगत जिवावर बेतते. म्हणून आज या शब्दाची जरा निवांत ओळख करून घेऊ. शब्द नीट कळला तर वस्तूही कळेल.

चूल बसते, शेगडी चालते

आपल्या घरातल्या विस्तवाची नावे मोजायला बसलो तर बोटे पुरत नाहीत. चूल आहे. चुलीला लागून वैल आहे. चुलीचाच जाळ तिकडे वळतो आणि त्यावर आमटी नाहीतर दूध निवांत राहते. अंगणातली, खळ्यावरची शेकोटी आहे. काही गावांत तिलाच आगटी म्हणतात. साधूबैराग्यांची ती धुनी. देवापुढे ऊद घालायला धुपाटणे. अंघोळीच्या पाण्याला तांब्याचा बंब, ज्याच्या मधल्या नळीत ढलप्या आणि निखारे, आणि भोवती पाणी. (गंमत पाहा, पाणी तापवणारा तोही बंब आणि गावात आग लागली की विझवायला येतो तोही बंब!) भट्टी लोहाराची, गुऱ्हाळाची ती चुलवाण.

यांतली चूल जागची हलत नाही. ती घराबरोबर लिंपली जाते, घराबरोबर पूजली जाते. म्हणूनच भाऊ वेगळे निघाले की 'चूल वेगळी झाली' असे आपण म्हणतो. 'शेगडी वेगळी झाली' असे म्हटलेले कोणी ऐकले आहे काय? शेगडीला घरात तो मान नाही. ती आज ओसरीवर, उद्या माजघरात, परवा पडवीत. कड्यांना धरून उचलावी आणि हवी तिथे न्यावी. विस्तव भांड्यात घालून चालता केला की त्याची शेगडी होते. शेकोटी जमिनीवर उघडी पेटते आणि तिथेच विझते. फरक एवढाच, पण पुढचे सारे याच फरकातून येते.

निखाऱ्यांची गाडी

शेकोटी हा शब्द शेकण्यावरून आला, हे सरळ आहे. शेगडीही 'शेक'वरूनच आली असावी असे वाटते खरे, पण माझा कौल निराळ्या बाजूला आहे. संस्कृतात निखारे ठेवायच्या भांड्याला 'अंगारशकटी' म्हणतात. अंगार म्हणजे निखारा आणि शकट म्हणजे गाडा. म्हणजे निखाऱ्यांची गाडीच की! आता शकट शब्द लोकांच्या तोंडी घासत गेला की त्यातल्या 'क'चा 'ग' आणि 'ट'चा 'ड' होतो. मकराची मगर झाली, घोटकाचा घोडा झाला, तसाच शकटाचा सगड झाला. गुजरातीत आजही शेगडीला 'सगडी' म्हणतात आणि हिंदी बोलणारे 'सिगडी'. ही तिन्ही भावंडे शेजारी उभी केली की चेहरेपट्टी लगेच जुळते. हिंदीतली 'अंगीठी' मात्र दुसऱ्या घरची. ती 'अग्निष्ठिका'वरून आली.

'मृच्छकटिक' हे नाव आपल्याला नाटकामुळे ठाऊक आहे. शूद्रकाचे मूळ नाटक संस्कृतातले. गोविंद बल्लाळ देवलांनी ते मराठी रंगभूमीवर आणले. त्या नावाचा अर्थ मातीची गाडी, म्हणजे लहान मुलाचे खेळणे. तीच शकटिका, तीच शकटी. मातीची शेगडी हीसुद्धा एका अर्थी मातीची गाडीच आहे, तिच्यात बसतो तो विस्तव.

अमरकोश हा जुना शब्दकोश पूर्वी पोरांकडून पाठ करून घेत. त्याच्या दुसऱ्या कांडात वैश्यवर्ग आहे. वैश्यवर्ग म्हणजे आपलाच वर्ग म्हणा ना: शेती, गुरे, व्यापार, नांगर, धान्य, सूप, चाळण, चूल, सारे त्यात आहे. तिथे चुलीच्या नावांपाठोपाठ शेगडीची नावे येतात. अंगारधानिका, अंगारशकटी, हसन्ती आणि हसनी. यातले हसन्ती मला फार आवडते. हसन्ती म्हणजे हसणारी. अंधाऱ्या खोलीत फुललेले निखारे पाहिलेत की हे नाव ज्याने ठेवले त्याची नजर कळते. पण या हसणारीवर किती विश्वास ठेवायचा, ते पुढे पाहू.

विस्तव जातो तेव्हा

काडेपेटी घरोघर पोचली नव्हती तेव्हा विस्तव जपावा लागे. रात्री चुलीतले निखारे राखेखाली झाकायचे, सकाळी राख सारून त्यावर गोवरीचा तुकडा ठेवून फुंकायचे. विझलाच तर शेजारणीकडे जायचे. ती खापरावर किंवा गोवरीवर दोन निखारे द्यायची, आणि घाईघाईने, वाऱ्याला हाताचा आडोसा करत ते घरी आणायचे. खापरातला तो विस्तव म्हणजे शेगडीचे अगदी गरीब रूप.

दोन घरांचे फाटले की ही देवघेव बंद पडे. 'त्या दोघांत विस्तवही जात नाही' असे आपण आजही म्हणतो. हल्ली ही म्हण वापरणाऱ्या पोरांना वाटते की त्यात भांडणाच्या आगीबद्दल काही आहे. तसे नाही. वैरी असला तरी ज्याला कोणी नाही म्हणत नाही असे दोन निखारे, तेसुद्धा एकमेकांकडे जात नाहीत, इतके बिनसले आहे, असा तो अर्थ. विस्तव हा शब्दही पाहा. घरात कामाचा तो विस्तव, आणि घराला लागते ती आग. शेजारणीकडे विस्तव मागतात. आग मागितली तर ती दारातून हाकलून देईल.

घरच्या शेगड्या

पूर्वी कुंभाराची मातीची शेगडी असे. नंतर बिडाची, लोखंडी, पत्र्याची आली. पण शेतकऱ्याच्या घरी सर्वांत जास्त चालली ती गळक्या बादलीची. बादलीच्या तळाशी बाजूला चार बोटे तोंड कापायचे, मध्यावर लोखंडी गजांची जाळी बसवायची, आणि आतून चिकणमाती, शेण आणि भाताचे तूस कालवून दोन बोटे जाडीचे लिंपण द्यायचे. लिंपणामुळे उष्णता आत राहते आणि बादलीही लवकर जळत नाही. जाळीवर कोळसा, खालच्या तोंडातून वारा, राख खाली पडते. तोंड उघडे ठेवाल तशी ती फुलते, झाकाल तशी मंदावते. मोठी शेगडी करून थोडा कोळसा घालण्यापेक्षा लहान शेगडी भरून पेटवावी, कोळसा कमी लागतो.

भुशाची शेगडी अनेकांनी पाहिली असेल. तेलाच्या डब्याला खाली बाजूला भोक पाडतात. डब्यात मधोमध एक गोल लाकूड उभे धरायचे, भोकातून दुसरे आडवे घालून त्याला टेकवायचे, आणि भोवती लाकडाचा भुसा ठोकून ठोकून भरायचा. मग दोन्ही लाकडे फिरवत अलगद काढली की भुशात आडवा-उभा बोगदा तयार होतो. खालून काडी लावली की काही तास ती धुमसत राहते. भुसा मात्र कोरडा हवा आणि घट्ट ठोकलेला हवा, नाहीतर मधेच ढासळतो. ही शेगडी उघड्यावरच वापरायची.

जळणाबद्दल दोन शब्द. कोळशासाठी झाड तोडण्यात शहाणपण नाही हे सांगायला नको. मक्याचे दाणे काढल्यावर राहणारी बुरकुंडे, तुराट्या, पऱ्हाट्या यांचाही कोळसा होतो. पुण्याची ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, जिला सारे 'आरती' म्हणतात, तिने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली उसाच्या पाचटापासून कोळसा करून त्याच्या कांड्या पाडण्याची रीत बसवली. त्याला 2002 साली इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्याच संस्थेचा 'सराई कुकर' आहे. त्याच्या तळाशी लहानशी शेगडी असते आणि शंभर-दीडशे ग्रॅम कोळशावर चार-पाच माणसांचा वरण-भात शिजतो. माझे स्वतःचे मत विचाराल तर पाचट शेतातच सरीत कुजवावे, जमिनीला त्याची जास्त गरज आहे. पण पेटवूनच द्यायचे असेल तर त्यापेक्षा कोळसा केलेला केव्हाही बरा.

2016 साली उज्ज्वला योजना आली आणि गॅस वाडीवस्तीवर पोचला. तेव्हापासून 'शेगडी' म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर गॅसचीच येते. विजेवर चालते तीही शेगडीच. नाव तेच राहिले. तरीही टाकी संपली, वीज गेली, पाहुणे आले, थंडी वाढली की माळ्यावरची कोळशाची शेगडी खाली उतरतेच.

अंगाखालची शेगडी

शेगडीचा चालण्याचा गुण कुठवर जाऊ शकतो हे पाहायचे तर काश्मीरकडे पाहावे. तिथली 'कांगडी' म्हणजे मातीचे लहान भांडे, त्याभोवती काटक्यांची सुबक विणलेली टोपली आणि वर धरायला मूठ. आत कोळसा घालतात. चिनाराच्या वाळल्या पानांचाही कोळसा करतात. काश्मिरी माणूस हिवाळ्यात 'फेरन' हा पायघोळ झगा घालतो आणि कांगडी त्या झग्याच्या आत, पोटाशी धरून हिंडतो. दुकानात बसला तरी कांगडी, गप्पा मारायला गेला तरी कांगडी. चरार-ए-शरीफ या गावच्या कांगड्या नावाजलेल्या आहेत. बर्फाळ मुलुखात एवढ्याशा कोळशावर माणूस दिवस काढतो, यात कारागिरी आहेच.

पण वर्षानुवर्षे पोटाला आणि मांड्यांना तीच धग लागल्यामुळे तिथल्या काही माणसांना त्याच जागी कातडीचा कर्करोग होतो. एल्म्स्ली नावाच्या डॉक्टराने 1866 साली श्रीनगरात त्याची नोंद केली आणि वैद्यकाच्या पुस्तकांत तो रोग कांगडीच्याच नावाने ओळखला जातो. आपल्याकडे कांगडी नाही. परंतु संधिवाताने बेजार झालेली म्हातारी माणसे रोज तासन् तास पाय शेगडीला लावून बसतात आणि नडगीवर जाळीसारखे तपकिरी डाग उठतात. ती धगीची खूण आहे. शेगडी हातभर लांब सारावी, आणि डाग जात नसतील किंवा तिथे जखम झाली असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

धूर नाही म्हणून

आता मूळ मुद्द्याकडे येतो. एका गावात हिवाळ्यात बैठक चालली होती. बंद खोलीत शेगडी ठेवू नका असे मी सांगत होतो. एक आजी म्हणाल्या, "साहेब, चुलीचा धूर डोळ्यांत जातो म्हणून चूल मागीलदारी. शेगडीला धूर कुठाय? आम्ही बाहेर पेटवतो, धूर संपला, निखारा लाल झाला, की मग आत घेतो."

आजींचे म्हणणे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे आणि अर्धे बरोबरही आहे. धूर संपल्याशिवाय शेगडी आत घेऊ नये हे खरेच. पण धूर संपणे म्हणजे धोका संपणे नव्हे. लाकडाचा कोळसा होताना त्यातला डांबरासारखा अंश आणि वाफा निघून जातात, म्हणून कोळशाला धूर येत नाही. राहतो तो बहुतेक कार्बन. त्याला भरपूर हवा मिळाली तर तो पुरा जळतो. शेगडीत कोळशाचा थर असतो, मधल्या निखाऱ्यांना हवा पुरत नाही, आणि तिथे कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, तो नाकाडोळ्यांना झोंबत नाही.

नुकत्याच फुललेल्या शेगडीवर निळ्या, नाचऱ्या ज्वाळा दिसतात ना? तो हाच वायू वर येऊन जळताना दिसतो. पुढे निखाऱ्यांवर राखेची साय धरते, ज्वाळा मावळतात, शेगडी शांत होते. आपल्याला वाटते, आता झाली ही आत घेण्याजोगी. खरे तर वायू अजून निघतच असतो, फक्त तो आता वरच्या वर जळत नाही, खोलीत पसरतो. हसन्ती हसते ती अशी.

आपल्या रक्तात तांबडा रंग देणारे द्रव्य आहे, ते प्राणवायू वाहून नेते. कार्बन मोनॉक्साइड त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक जोराने चिकटतो. एकदा चिकटला की लवकर सुटत नाही. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते, हातापायांतले बळ जाते. जागा माणूस हे पित्त म्हणून सोडून देतो. झोपलेला माणूस जागाच होत नाही. सकाळी दार ठोठावून उघडत नाही आणि मग गावात नाना तर्क सुरू होतात.

या वायूबद्दलच्या दोन-तीन समजुती इथेच खोडून टाकतो. शेगडीजवळ पाण्याचे भांडे ठेवले की वायू पाण्यात जातो, असे म्हणतात. तो पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. भांड्याने हवा थोडी ओलसर राहते, एवढेच. तो जड असून जमिनीलगत बसतो, खाटेवर झोपले की झाले, हेही खोटे. तो जवळपास हवेइतकाच वजनाचा आहे आणि साऱ्या खोलीत सारखा मिसळतो. आणि दार लोटले आहे, कडी लावलेली नाही, याला हवा खेळणे म्हणत नाहीत.

कोणत्या खोलीत, कोणत्या गोठ्यात

सर्वांत आधी बाळंतिणीची खोली. बाजेखाली शेगडी, तिच्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग यांची धुरी, खिडक्यांच्या फटीत चिंध्या, आणि दारावर गोधडी. आईला वारा लागू नये म्हणून सारे चाललेले असते, आणि त्यातच आई व बाळ दोघे अडकतात. तान्ह्या बाळाचा श्वास जलद चालतो, म्हणून विषारी हवा त्याच्या अंगात लवकर भिनते. बाळाला डोके दुखते हे सांगताही येत नाही. ते नुसते पेंगते, अंगावर ओढत नाही. घरात गरोदर बाई असेल तर पोटातल्या गर्भालाही हा वायू पोचतो.

सासूबाईंनो आणि आज्यांनो, ऊब देऊ नका असे कोणी म्हणत नाही. शेक द्यायचाच तर शेगडी बाहेर ओसरीवर ठेवा, तिच्यावर वाळू तापवा, पुरचुंडी करा, स्वतःच्या गालाला लावून पाहा आणि मग आईची कंबर शेका. बाळाला पुरचुंडी लावू नका. बाळाला टोपडे, मोजे घाला, आणि आईच्या उघड्या छातीशी धरून वरून दोघांना पांघरूण घाला, बाळाचे तोंड तेवढे मोकळे ठेवा. सरकारी दवाखान्यात कमी वजनाच्या बाळांना हीच ऊब देतात, तिला कांगारू पद्धत म्हणतात. धुरी मात्र बंद करावी हे बरे. त्या धुराने बाळाची छाती भरते.

दुसरी जागा कोंबड्यांच्या पिल्लांची. पहिल्या आठवड्यात पिल्लांना त्यांच्या पाठीच्या उंचीवर 95 अंश फॅरनहाइट, म्हणजे 35 अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला साधारण 5 अंश फॅरनहाइट कमी करत न्यायची. वीज गेली की शेडमध्ये शेगड्या ठेवतात आणि पडदे खालपासून वरपर्यंत ओढून घेतात. सकाळी पिल्ले मरून पडली की रोग आला म्हणून औषधाला धावतात. कधी रोग असतो, पण कधी ही शेगडीच असते. पडदा वरच्या बाजूने वीतभर उघडा राहिलाच पाहिजे. शेगडीभोवती पत्र्याचे कडे करा, म्हणजे पिल्ले भाजणार नाहीत आणि तुसाला ठिणगी लागणार नाही. ऊब बरोबर आहे का हे पिल्लेच सांगतात: एकमेकांवर चढून गोळा झाली तर थंडी आहे, शेगडीपासून लांब पळून चोच उघडी टाकली तर गरमी आहे, सगळीकडे पसरून दाणे टिपत असली तर ठीक. सारीच सुस्त पडली असतील तर आधी पडदे उघडा, मग औषधाचे बघा. आत शिरताच तुमचे स्वतःचे डोके जड झाले, तर तेच उत्तर.

करडे आणि वासरे यांच्या गोठ्यालाही हेच लागू. पोती लावून गोठा बंद करून आत शेगडी ठेवण्यापेक्षा खाली कोरडा पाला-भुसा जाड पसरा आणि पाठीवर पोते बांधा.

तिसरी जागा ऊसतोड कामगारांची कोपी. पूर्वी ती पाचटाची असे, हवा झिरपायची. आता वरून प्लास्टिकचा कागद किंवा ताडपत्री घट्ट बांधतात. पहाटेच्या गारठ्यात त्यात घमेल्यात निखारे घेऊन लेकरांसह झोपणे फार धोक्याचे. मळ्यात राखणीला जाणाऱ्यांनी पत्र्याच्या खोपटात किंवा टेम्पोच्या केबिनमध्येही घमेले घेऊ नये. घमेल्यात निखारे घातले की तीही शेगडीच, नाव काही असो. बंबाच्या जागी आलेला गॅसचा गीझरसुद्धा बंद न्हाणीघरात हाच वायू सोडतो आणि त्याने माणसे दगावली आहेत. तो न्हाणीघराबाहेर बसवावा.

निफाडकडे थंडीची लाट आली की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतात. त्याने कोणाला वायू बाधत नाही, कारण वर आभाळ आहे. आता सुरुवातीला म्हटलेला फरक लक्षात येईल. शेकोटी उघड्यावरच राहते, कारण तिला उचलता येत नाही. शेगडी उचलता येते, म्हणून ती छपराखाली येते.

कोणी गुंगला असेल तर

खोलीत शेगडी आहे आणि माणूस अर्धवट शुद्धीत आहे असे दिसले, तर दारे-खिडक्या उघडा आणि आधी माणसाला उघड्या हवेत आणा. शेगडी विझवत आत थांबू नका, आणि बंद खोलीत तिच्यावर पाणी ओतू नका. वाफ आणि राख अंगावर येते. कांदा हुंगवणे, ताक पाजणे यात वेळ घालवू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीच घालू नये. 108 नंबरला फोन करा. दवाखान्यात गेल्यावर पहिले वाक्य 'खोलीत कोळशाची शेगडी होती' हे सांगा, म्हणजे डॉक्टरांना दिशा मिळते आणि ते प्राणवायू सुरू करतात. त्याच खोलीत झोपलेली, पण नुसते डोके दुखते म्हणणारी माणसेही तपासून घ्या.

करोनापासून बऱ्याच घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहे. इथे त्याच्यावर विसंबू नका. या वायूने भरलेले रक्तही त्याला प्राणवायूने भरल्यासारखेच दिसते आणि आकडा चांगला येतो. माणूस गुंगलेला आणि आकडा 98, असे होऊ शकते.

राहिली राख

राखेखाली निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो. आपल्या आज्यांनी विस्तव जपला तो याच गुणावर. म्हणून शेगडीची राख उकिरड्यावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ तशीच ओतू नका. पाणी शिंपडून, हात घालून पाहण्याइतकी गार झाल्यावरच टाका. लाकडी कोळशाची आणि काटक्यांची राख भाजीच्या वाफ्यात घालायला हरकत नाही, तिच्यात पालाश असते. जमीन चोपण किंवा खारवट असेल तर मात्र घालू नका. युरिया किंवा ताज्या शेणखतात ती मिसळू नये, नत्र अमोनिया होऊन उडून जाते. दगडी कोळशाची राख वाफ्यात नको. ती वाटेवरच्या खड्ड्यात भरावी.